गोल खांबाला माल किती लागतो?

पोर्च असो, शाळेचा व्हरांडा असो की देवळापुढचा सभामंडप, गोल खांबांची हौस गावोगाव वाढली आहे. चौकोनी कॉलमचा हिशेब शाळकरी पोरही करतं: लांबी, रुंदी, उंची, गुणाकार. खांब गोल झाला की साइटवर दोन तट पडतात. एकाचा भरवसा सूत्रावर, दुसऱ्याचा हातच्या अंदाजावर. हे दोन्ही पक्ष समोरासमोर बसवावेत म्हणून हा संवाद. मामा लेबर कंत्राटदार; सेंट्रिंग-काँक्रीटच्या कामात केस पांढरे झालेले. भाची नुकतीच सिव्हिल इंजिनिअर झालेली. माणसं कल्पित, हिशेब खरा. काम आहे सभामंडपाच्या आठ खांबांचं: व्यास १५ इंच, उंची १० फूट, काँक्रीट एम-२०, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी.

मामा : आठ खांबांना एक ब्रास काँक्रीट. घे लिहून.

भाची : एवढ्यात झाला हिशेब?

मामा : तोंडी होतो गं. खांब चौकोनी धरायचा. सव्वा फूट बाय सव्वा फूट, उंची दहा, नग आठ. १२५ घनफूट आले. त्यातला पाचवा हिस्सा काढला की गोल खांब. १२५ मधून २५ गेले, राहिले १००. शंभर घनफुटांचा ब्रास. संपलं.

भाची : पाचवाच हिस्सा का?

मामा : ज्याच्या हाताखाली शिकलो त्यानं सांगितलं आणि आजवर कुठं अडलं नाही. तुझं पुस्तक काय म्हणतं?

भाची : चौकोनाच्या चारी बाजूंना टेकेल असं वर्तुळ काढलं तर ते चौकोनाची ७८.५४ टक्के जागा घेतं. ३.१४१६ भागिले चार. चारी कोपऱ्यांत मिळून २१.४६ टक्के उरतात. तुम्ही २० टक्केच काढता. व्यास गुणिले व्यास गुणिले ०.७८५४ गुणिले उंची केलं की एका खांबाचे १२.२७ घनफूट येतात, आठांचे ९८.१७. तुमचा आकडा १.८३ घनफुटांनी जास्त आहे.

मामा : म्हणजे दीड फरमा. सिमेंटच्या एका पोत्याएवढं माप असलेली ती पेटी, तिचे दीड. तेवढा माल मिक्सरच्या ड्रमला आणि घमेल्यांना चिकटतो, खाली सांडतो. तुझ्या ९८.१७ नं मागवलं तर शेवटच्या खांबाला हात झाडत बसावं लागेल.

भाची : ते मान्य. पण तुमच्यासारखेच अंदाजानं चालणारे दुसरे लोक ‘गोल म्हणजे चौकोनाचा पाऊण’ असं धरतात. तेही तोंडी, तेही झटपट. १२५ चा पाऊण ९३.७५. खऱ्यापेक्षा ४.४२ घनफूट कमी. टक्क्यांत बघाल तर साडेचार टक्के, कुणाला जाणवणारही नाही. पण तूट आठ खांबांत वाटली जात नाही. सात खांब पूर्ण भरतात आणि आठवा वरून साडेतीन फूट रिकामा राहतो.

मामा : आणि तिथंच खरा घोटाळा होतो. संध्याकाळ झालेली, माणसं घरी निघालेली, दुकान बंद. मग कुणीतरी पाण्याची बादली ओततो आणि आहे तो माल पातळ करून खांब वरपर्यंत नेतो. किंवा खांब तसाच अर्धा सोडतात आणि दोन दिवसांनी वरचा भाग भरतात. सांध्यावर साय धरलेली असते, ती कुणी खरवडत नाही. बाहेरून प्लास्टर झालं की सगळं सारखंच दिसतं.

भाची : एम-२० च्या ठरलेल्या प्रमाणाला पोत्यामागं ३० लिटरच्या वर पाणी नको, असं आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात दिलं आहे. बादलीभर पाणी वाढलं की त्या खांबाची ताकद गेलीच. म्हणून मी म्हणते, अंदाज करायचा तर तो कुठून आला हे माहीत हवं. तुमचा पाचवा हिस्सा आणि त्यांचा पाऊण, दोन्ही नियम ऐकायला सारखेच. एक जास्तीच्या बाजूला चुकतो, दुसरा कमीच्या. सूत्र माहीत नसेल तर यातला कुठला धरायचा हे कळणार कसं?

मामा : नियम चांगला की वाईट ते तो कुठल्या अंगाला झुकतो त्यावर. हे मला पटलं. पण तुझं ते चार दशांशांचं गणित साइटवर कोण करणार?

भाची : चार दशांश नकोच आहेत. हा वाद तुमचा-माझा नाही, फार जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या दोन रीती शेजारी शेजारी दिल्या आहेत. व्यासाच्या वर्गाला ३९२७ नं गुणून ५००० नं भागा, ही सूक्ष्म रीत. किंवा ११ नं गुणून १४ नं भागा, ही स्थूल, रोजच्या व्यवहारात चालणारी. आपल्या १२५ ला लावून बघा. पहिलीनं ९८.१७५ येतात, दुसरीनं ९८.२१. आठ खांबांत मिळून फरक लिटरभर काँक्रीटचा.

मामा : लिटरभर? मग मोठी रीत दिलीच कशाला?

भाची : ज्योतिषाच्या गणिताला ती लागते, खांबाला लागत नाही. त्यांनी दोन्ही दिल्या आणि व्यवहाराला कुठली चालते तेही सांगितलं. चाळीसगावजवळ पाटणला शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे हे गणित काही परमुलखातून आलेलं नाही.

मामा : बरं, आता माझी पाळी. सूत्रवाल्यांचे प्रताप मीही पाहिलेत. सूत्रात त्रिज्या असते आणि हातात टेपनं घेतलेला व्यास असतो. घाईत त्रिज्येच्या जागी व्यास पडतो. मग आठ खांबांना चार ब्रास काँक्रीट निघतं आणि कागदावर छापून आलंय म्हणून कुणी शंका घेत नाही. दुसरा प्रकार: १५ इंच म्हणजे १.५ फूट. अरे, सव्वा फूट की दीड फूट? तिथं हिशेब १४१ घनफुटांवर जातो. माझ्या तोंडी हिशेबात असली चूक होत नाही. खांब चौकोनापेक्षा जास्त माल खाऊच शकत नाही, हे मला डोळ्यांनी दिसतं.

भाची : खरं आहे. सूत्राला उत्तर येतं, पण ते उत्तर शक्य आहे का हे सूत्र सांगत नाही. म्हणून मी त्रिज्या घेतच नाही. टेपनं मोजता येतो व्यास, तर सूत्रातही व्यासच ठेवायचा. आणि शेवटी उत्तर चौकोनाच्या चार-पंचमांशाजवळ आहे का हे तपासायचं. तुमचा नियम माझ्या गणिताचा पहारेकरी.

मामा : आता कसं बोललीस. पण व्यास मोजता कुठं येतो नेहमी? उभ्या शटरच्या, म्हणजे पत्र्याच्या साच्याच्या, तोंडावर सळ्या आलेल्या असतात, आत टेप जात नाही. मी बाहेरून घेर घेतो.

भाची : घेरावरून हिशेब कसा करता?

मामा : वखारीत ओंडका मोजतात तसा. घेराचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याला त्यानंच गुणायचं, मग लांबीनं.

भाची : इथं मात्र फसाल, मामा. त्या रीतीनं आपले आठ खांब ७७ घनफुटांत बसतात. एकवीस घनफूट कमी! जवळपास दोन खांब गायब. वखारीचा तो नियम ओंडक्यासाठी आहे. गोल लाकूड कापून चौकोनी करताना जे वाया जातं ते त्या हिशेबात आधीच सोडून दिलेलं असतं. काँक्रीट कोपरा सोडत नाही, शटरभर पसरतं. घेरच घ्यायचा असेल तर घेर गुणिले घेर, भागिले १२.५७, गुणिले उंची. आणि आधी पत्र्याच्या जाडीनं घेरात पडलेली भर वजा करा, कारण घेर बाहेरून घेतलाय.

मामा : हे नवीनच. वखारीची रीत मी लहान कामावर वापरली असेल तर... जाऊ दे. पण मोजायचं शटर, नकाशा नाही, हे तरी मानतेस ना? नकाशात खांब १५ इंचाचा. भाड्यानं आणलेलं शटर जुनं, नटबोल्ट ढिले. व्हायब्रेटर लागला की फुगतं.

भाची : मानते, आणि त्याचा आकडाही देते. व्यास १५ चा साडेपंधरा झाला तर काँक्रीट ६.८ टक्क्यांनी वाढतं. आठ खांबांत ६.७ घनफूट, म्हणजे दीड पोत्याचा माल. तेच उंचीत अर्धा इंच चूक झाली तर अर्ध्या टक्क्याचाही फरक पडत नाही. उंची हिशेबात एकदाच येते, व्यास दोनदा येतो. व्यासातली एक टक्का चूक मालात दोन टक्के होते. लोक उंची इंचावर मोजतात आणि व्यास नकाशावरून उचलतात. उलटं करायला हवं. शटर बांधायच्या आधी, जमिनीवर आडवं असताना, खाली, मध्ये आणि वर असं तीन ठिकाणी आतून माप घ्यायचं.

मामा : उंचीतही मेख आहे बरं. दहा फूट कुठून कुठंवर? नकाशात जमिनीपासून स्लॅबच्या माथ्यापर्यंत लिहितात. आम्ही खांब भरतो तो स्टार्टरच्या, म्हणजे पायथ्याशी आधी भरलेल्या ठोकळ्याच्या, वरून बीमच्या तळापर्यंत. वरचा बीम दीड फुटाचा असेल तर खांबाची भरायची उंची साडेआठच. बीममधला खांबाचा तुकडा स्लॅबबरोबर भरला जातो. जोत्याखाली तर खांब बहुतेक वेळा चौकोनीच असतो, गोलाई जोत्याच्या वर सुरू होते. हे वेगळं धरलं नाही तर तुझं ०.७८५४ शुद्ध आणि उत्तर पंधरा टक्के चूक.

भाची : आपल्या खांबांची दहा फूट ही भरायचीच उंची आहे, मी विचारून घेतलंय. आता दुकानात काय सांगायचं ते बघू. तुम्ही ‘एक ब्रास’ म्हणालात. पण ब्रासभर काँक्रीट म्हणजे ब्रासभर कोरडा माल नाही.

मामा : ते काय मला ठाऊक नाही? कोरडा माल दीडपट लागतो.

भाची : दीडपटीच्या किंचित वर. साधारण १.५४ पट धरतात. डब्यात लाडू रचले की फटी राहतात, वरून चिवडा ओतला तर तो फटींत जातो आणि डबा तेवढाच भरतो. खडीच्या फटींत वाळू, वाळूच्या फटींत सिमेंट आणि पाणी. म्हणून कोरड्या मालाची बेरीज मोठी आणि काँक्रीट कमी. आपले ९८.१७ गुणिले १.५४ म्हणजे १५१ घनफूट कोरडा माल. साडेपाच भागांत वाटला की एक भाग साडेसत्तावीस घनफूट. सिमेंट २२.४ पोती, वाळू ४१ घनफूट, खडी साडेब्याऐंशी घनफूट.

मामा : माझी यादी ऐक. सिमेंट २४ पोती, वाळू अर्धा ब्रास, खडी एक ब्रास. तू गणितानं आलीस, मी सवयीनं. सिमेंटात दीड पोत्याचा फरक, खडी थोडी जास्त. पण वाळूत नऊ घनफूट मी उगाच धरलेले नाहीत.

भाची : का धरले?

मामा : वाळू ओली येते. ओली वाळू फुगलेली असते. फरमा भरला तरी आत वाळू कमी आणि हवा जास्त. तुझे ४१ घनफूट ओले मोजून घेतले तर सुकल्यावर किती राहतील?

भाची : वाळू पाव हिश्शानं फुगलेली असेल तर ३३ च्या आसपास. मग खडीच्या फटी भरणार नाहीत आणि एका पोत्यातून निघणारं काँक्रीटही कमी होईल. मामा, इथं तुमचा अर्धा ब्रास बरोबर. ४१ ला सव्वापट केलं की ५१ येतात. खरं तर माल वजनानं मोजायला हवा, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही. पण लहान साइटवर काटा कुठला! फरमाच चालणार, तर वाळूला फुगवट्याची सूट द्यायलाच हवी.

मामा : आणि सिमेंट २४ का, तेही विचार.

भाची : तेच विचारणार होते. एका पोत्याच्या मालातून ४.३७ घनफूट काँक्रीट निघतं. एका खांबाला १२.२७ लागतं. म्हणजे खांबामागं पावणेतीन पोत्यांच्या थोडं वर.

मामा : पाऊण पोतं कुणी कालवत नाही. प्रत्येक खांबाला तीन पोती धरली, आठ त्रिक चोवीस.

भाची : एकेक खांब वेगळ्या दिवशी भरणार असाल तर २४ बरोबर, कारण प्रत्येक वेळी उरलेला माल फुकट जाईल. सगळे एका दमात भरले तर एका खांबाचा उरलेला माल लगेच पुढच्यात पडतो आणि २३ पोत्यांत भागतं. एकच खांब आणि आठ खांब, दोन्हीकडं वाया जाणारा माल सारख्या टक्क्यांत धरून चालत नाही.

मामा : मी तरी चोविसावं पोतं आणून ठेवणार. न फोडलेलं पोतं प्लास्टरला चालतं.

भाची : आणा की. जास्त मागवा, पण जास्त कालवू नका. शेवटचा खांब अर्ध्यावर आला की थांबून मोजा, किती फूट उरलंय. या व्यासाला फुटामागं सव्वा घनफुटाच्या आत लागतं. साडेतीन फुटांना एक पोतं. तेवढंच कालवा.

मामा : आणि आरएमसी मागवलं तर?

भाची : तिथं उलटी चूक होते. आरएमसी म्हणजे प्लांटवरून येणारं ओलं, तयार काँक्रीट; ते घनमीटरवर विकतात. आपले ९८.१७ घनफूट म्हणजे २.७८ घनमीटर. सांडलवंड धरून तीन सांगायचे. काही जण तिथंही १.५४ नं गुणतात आणि सव्वाचार घनमीटर मागवतात. उरलेलं कुठं ओतणार? शिवाय सहा घनमीटरच्या गाडीतून एवढासा माल मागवायचा तर प्लांटवाले भाडं वेगळं लावतात. आठ खांबांना साइटवरचा मिक्सरच बरा.

मामा : मागवायचं ठरलं. आता बिल. शंभर घनफूट लिही.

भाची : नाही, मामा. बिलात ९८.१७.

मामा : का गं? सांडलेला माल कुणी सोसायचा? मी?

भाची : सांडलवंड तुम्ही दरात धरता. दर ठरवताना मजुरी, भाडं, वाया जाणारा माल सगळं त्यात आलं. परत मापातही धरलं तर तेच पैसे दोनदा घेतले. खांब जेवढा उभा आहे तेवढंच माप. आठ खांबांत १.८३ घनफूट किरकोळ वाटतात. असे शंभर खांब असतील तर २३ घनफूट होतात, पाच पोत्यांच्या मालाचे पैसे. न भरलेल्या काँक्रीटचे. मंदिराचा पैसा आहे, वर्गणीतून जमलेला.

मामा : मग सळईची जागाही वजा करशील! सहा सळ्या १६ एमएमच्या आहेत प्रत्येक खांबात.

भाची : ती नाही करत. आयएस १२०० प्रमाणे काँक्रीटच्या मापातून सळईचं आकारमान वजा होत नाही. तुमच्या सहा सळ्या खांबाची एक टक्क्याच्या आसपास जागा घेतात, आठ खांबांत घनफूटभर. तेवढं तुमच्या पदरात राहतं, नियमानंच. पण फुगलेल्या शटरचे पैसे मिळणार नाहीत. नकाशात १५ इंच, बिलात १५ इंच.

मामा : म्हणजे शटर नीट घट्ट आवळण्यात माझंच हित.

भाची : तुमचं, खांबाचं आणि वर्गणी देणाऱ्यांचंही.

संवाद इथं थांबवू, कारण मुद्दा स्पष्ट झाला आहे. माल मागवणं आणि माप लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांना दोन वेगळे आकडे लागतात. मागवताना चूक झालीच तर ती जास्तीच्या बाजूला व्हावी. कमी पडलेला माल शेवटच्या खांबात पाणी होऊन शिरतो. तिथं मामांचा पाचवा हिस्सा चोख आहे. बिलात चूक कुठल्याच बाजूला नको. तिथं भाचीचं ०.७८५४ हवं. आणि दोन्ही आकड्यांच्या आधी, घर बांधणाऱ्या वाचका, तू स्वतः टेप हातात घेऊन आडव्या शटरचा व्यास तीन ठिकाणी आतून मोज आणि खांब कुठून कुठंवर भरणार ते कंत्राटदाराला विचार. एवढं केलंस तर बाकीचं गणित पाच मिनिटांचं आहे.